वॉयनिच हस्तलिखिताचा अभ्यास कसा करावा: वाचण्याआधी मोजायला शिका

वॉयनिच हस्तलिखित म्हणजे पंधराव्या शतकातल्या कातड्यावरचे एक सचित्र पुस्तक, ज्याची लिपी आजवर कुणालाच वाचता आलेली नाही. त्याच्या वाटेला जाणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिल्याच आठवड्यात एक चूक करतो: तो ते वाचायला लागतो. मीही तेच केले होते. एका वनस्पतीचे चित्र ओळखीचे वाटले, त्या पृष्ठावरचा पहिला शब्द म्हणजे तिचेच नाव असणार असे मनाने घेतले, आणि एका संध्याकाळीत सहा अक्षरांचे उच्चार ‘सापडले’. दुसऱ्या पृष्ठावर तेच उच्चार लावले तर काहीच हाती लागेना. मग मी दोन अक्षरे बदलली, एक गाळले, एका शब्दातली अक्षरे मागेपुढे केली. पुन्हा अर्थ लागला! तिथे मात्र थांबलो, कारण आता अर्थ पानातून येत नव्हता, माझ्या डोक्यातून येत होता.

त्या दिवसानंतर मी ज्या क्रमाने काम करत आलो तो क्रम इथे देतो. संगणक, स्प्रेडशीट, वही आणि काही महिन्यांचा धीर एवढे भांडवल पुरते. लॅटिन येत असेल तर उत्तम, पण सुरुवातीला तिची गरज लागत नाही.

पहिली पायरी: ठाम काय ते आधी लिहून काढा

वहीच्या पहिल्या पानावर वस्तूबद्दलच्या पक्क्या गोष्टी लिहा. पुढे कुठलाही तर्क सुचला की तो आधी या पानाला विचारायचा.

हे हस्तलिखित अमेरिकेत येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात ‘हस्तलिखित 408’ या क्रमांकाने आहे. पृष्ठाचा आकार साधारण 23 बाय 16 सेंटिमीटर, म्हणजे हातात सहज मावणारे पुस्तक. पाने वासराच्या कातड्याची. शाई लोखंडाचा क्षार आणि मायफळ यांपासून केलेली, त्या काळी युरोपात सर्रास वापरली जाणारी. 2009 मध्ये अॅरिझोना विद्यापीठात चार पानांच्या तुकड्यांची रेडिओकार्बन चाचणी झाली आणि कातडे 1404 ते 1438 या काळातले ठरले, तेही 95 टक्के खात्रीने. इथे एक बारकावा ध्यानात ठेवा: ही तारीख जनावराच्या मृत्यूची आहे, लिहिण्याची नाही. मात्र चित्रांतले पुरावे त्याच शतकाकडे बोट दाखवतात. धनु राशीचा धनुर्धर इथे अर्धा घोडा नाही, तो आडधनुष्य धरलेला माणूस आहे. एका मोठ्या घडीच्या पानावरच्या किल्ल्याच्या तटावर पाकोळीच्या शेपटीसारखे दुभंगलेले कंगोरे आहेत, तसे उत्तर इटलीत बांधत.

मालकीची साखळीही लिहून ठेवा. पहिल्या पृष्ठावर खोडलेली एक सही अतिनील प्रकाशात दिसते, ती याकोबुस दे तेपेनेच याची. हा सम्राट रुडॉल्फ दुसरा याच्या पदरी होता, त्याला ही सरदारकीची उपाधी 1608 मध्ये मिळाली आणि तो 1622 मध्ये वारला. म्हणजे सही या दोन वर्षांच्या मधली. पुढे प्रागमधल्या गेओर्ग बारेशकडे हस्तलिखित आले. त्याने 1639 मध्ये रोममधल्या अथानासिउस किर्शर या जेझुइट (एका कॅथलिक धर्मसंघातल्या) विद्वानाला पत्र लिहून मदत मागितली. बारेशनंतर ते योहान्स मार्कुस मार्सीकडे गेले आणि त्याने 1665 च्या सुमारास ते किर्शरलाच पाठवून दिले. रुडॉल्फने यासाठी 600 डुकाट, म्हणजे सोन्याची नाणी, मोजली आणि तेराव्या शतकातला इंग्रज विद्वान रॉजर बेकन हा याचा लेखक, या दोन्ही गोष्टी मार्सीच्या त्या पत्रातून येतात, आणि मार्सीनेही त्या दुसऱ्याकडून ऐकलेल्या होत्या. सही आणि चाचणी हा एका दर्जाचा पुरावा, ऐकीव गोष्ट दुसऱ्या दर्जाचा. वहीत त्यांच्यासाठी दोन वेगळे रकाने करा.

1912 मध्ये पुस्तकविक्रेता विल्फ्रिड वॉयनिच याने रोमजवळच्या फ्रास्काती इथल्या जेझुइटांच्या संग्रहातून ते विकत घेतले. त्याच्या पत्नीच्या मृत्यूनंतर 1961 मध्ये हान्स क्राउस या विक्रेत्याने ते 24,500 डॉलरला घेतले, आणि गिऱ्हाईक न मिळाल्याने 1969 मध्ये येलला देऊन टाकले.

दुसरी पायरी: दोन आठवडे फक्त पाहा

बायनेकी ग्रंथालयाने सगळ्या पृष्ठांची मोठी छायाचित्रे फुकट उपलब्ध केली आहेत. ती उतरवून घ्या आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत तीनदा चाळा. या काळात अक्षरांकडे लक्ष द्यायचे नाही.

संदर्भ देण्याची पद्धत आधी शिकून घ्या. इथे आकडे पृष्ठांना नसून पानांना आहेत आणि प्रत्येक पानाला पुढची व मागची अशा दोन बाजू. पानांचे आकडे 116 पर्यंत जातात, पण 14 पाने गायब आहेत: 12, 59 ते 64, 74, 91, 92, 97, 98, 109 आणि 110. आकडे मधूनच तुटतात, त्यावरून ही पाने आकडे घातल्यानंतर गेली हे उघड आहे. पान 74 वर मकर आणि कुंभ राशी असणार, कारण बाकी दहा राशी शिल्लक आहेत आणि नेमक्या त्या दोन नाहीत.

पाहताना विभाग पाडत जा. सुरुवातीला वनस्पती, पृष्ठाला एक. मग वर्तुळाकार खगोलचित्रे आणि राशिचक्र. मग हिरव्या-निळ्या पाण्यात उभ्या असलेल्या नग्न स्त्रिया, नळ्यांनी जोडलेली कुंडे. मग बरण्या आणि मुळे-पानांचे तुकडे ओळीने मांडलेली पृष्ठे, ज्यांना औषधी विभाग म्हणतात. आणि शेवटी नुसता मजकूर, प्रत्येक परिच्छेदाच्या बाजूला समासात एक तारा. ‘औषधी’, ‘स्नानविषयक’ ही नावे आजच्या अभ्यासकांनी सोयीसाठी दिलेली आहेत. हस्तलिखितात ती कुठेच नाहीत, तेव्हा त्यांवर इमले बांधू नका.

राशिचक्राजवळ क्षणभर थांबा. प्रत्येक राशीच्या मध्यभागी महिन्याचे नाव ओळखीच्या लॅटिन अक्षरांत लिहिले आहे, मीन राशीला मार्चपासून सुरुवात करून. हा हात वेगळा आहे, भाषा फ्रेंच किंवा तिच्या एखाद्या सख्ख्या बहिणीसारखी दिसते. ही नावे कुणीतरी नंतर भरलेली, म्हणजे त्या काळीच्या एखाद्या वाचकालाही चित्रावरूनच काम चालवावे लागले असेल. मला ही जागा पाहताना दर वेळी त्या अनामिक माणसाबद्दल आपुलकी वाटते.

आणखी एक पाहायचे: पुस्तकाची बांधणी. चर्मपत्राचा एक मोठा तुकडा मधोमध दुमडला की दोन पाने होतात, त्याला मी जोडपान म्हणतो. अशी जोडपाने एकात एक घालून जुडी होते. जुड्यांना 20 पर्यंत आकडे आहेत, त्यांतल्या 16 आणि 18 या नाहीत. वनस्पतींच्या काही जुड्यांमध्ये एका प्रकारच्या मजकुराची आणि दुसऱ्या प्रकारच्या मजकुराची जोडपाने एकमेकांत मिसळलेली आहेत, त्यामुळे आजचा क्रम लेखकाचा असेलच असे धरून चालता येत नाही. कोणती पृष्ठे एकाच जोडपानावर आहेत याचा तक्ता करून भिंतीवर लावा. पुढे ‘या पृष्ठावरचे वाक्य पुढच्या पृष्ठावर चालू राहते’ असे म्हणण्याचा मोह होईल, तेव्हा तो कामी येईल.

तिसरी पायरी: एक पृष्ठ हाताने उतरवा

तयार लिप्यंतर, म्हणजे ही चिन्हे ओळखीच्या अक्षरांत उतरवलेली प्रत, मिळते, मग हाताने कशाला? कारण ‘अक्षर’ म्हणजे काय हा या अभ्यासातला सर्वांत कठीण प्रश्न आहे आणि तो बोटांना कळल्याशिवाय डोक्याला कळत नाही.

आपल्या लिपीचेच पाहा. ‘क्षितिज’ या शब्दात अक्षरे किती? डोळ्याला तीन दिसतात. स्वर-व्यंजने सुटी केली तर सात होतात. ज्याला देवनागरी अजिबात येत नाही असा माणूस ‘ति’ उतरवताना वेलांटी आधी लिहील आणि ‘त’ नंतर, कारण कागदावर ती डावीकडे आहे. उच्चाराचा क्रम उलटा आहे हे त्याला कसे कळणार? आणि ‘राग’, ‘सूर्य’, ‘चक्र’, ‘राष्ट्र’ यांतला ‘र’ एकच आहे हे तर तो शंभर वर्षांत ओळखणार नाही. चार वेगळी चिन्हे म्हणून मोजेल आणि त्याचे सगळे आकडे चुकतील. वॉयनिचपुढे आपण त्याच माणसाच्या जागी उभे आहोत.

उतरवण्यासाठी ‘एव्हा’ ही पद्धत वापरा. रेने झांडबर्गन आणि गॅब्रिएल लांदिनी यांनी ती तयार केली आणि आज बहुतेक सगळे तीच वापरतात. ती प्रत्येक चिन्हाला एक लॅटिन अक्षर देते, फक्त टंकता यावे आणि तोंडाने म्हणता यावे म्हणून. त्या अक्षराचा उच्चार म्हणजे मूळ चिन्हाचा उच्चार नव्हे, हे कितीही वेळा सांगितले तरी कमीच. मी या लेखात एव्हाची अक्षरे देवनागरीतच लिहितो आहे.

मुख्य चिन्हांची ओळख अशी. ‘ओ’ हे साधे वर्तुळ. ‘डी’ इंग्रजी आकडा 8 सारखे, ‘वाय’ आकडा 9 सारखे, ‘क्यू’ आकडा 4 सारखे. ‘आय’ ही लहान उभी रेघ, ती एकामागे एक दोन-तीन येते आणि शेवटी ‘एन’ म्हणजे वर झेप घेणारी शेपटी. दोन अर्धगोल आडव्या रेषेने जोडले की ‘सीएच’, त्यावर तुरा आला की ‘एसएच’. आणि ओळीच्या वर डोके काढणारी चार उंच चिन्हे, ‘के’, ‘टी’, ‘पी’, ‘एफ’, यांना फाशीच्या खांबासारख्या आकारामुळे ‘गॅलोज’ म्हणतात. 9 सारखी खूण त्या काळच्या लॅटिन लेखनात ‘कॉन’ किंवा ‘उस’ या शब्दांशांचा संक्षेप म्हणून सर्रास येते. आकार ओळखीचा असला म्हणून काम तेच असेल असे नाही, पण लिहिणारा युरोपातल्या लेखनाच्या सवयीत वाढला होता असा अंदाज करायला ही खूण उपयोगी आहे.

पृष्ठ उतरवताना जिथे शंका आली तिथे प्रश्नचिन्ह घाला: ‘हा आय की ई?’, ‘ही जागा सोडलेली आहे की हात जरा सैल पडला?’ दोन दिवसांनी तेच पृष्ठ पहिली प्रत न बघता पुन्हा उतरवा आणि दोन्ही प्रती ताडून पाहा. माझ्या प्रतींत सर्वांत जास्त फरक शब्दांमधल्या मोकळ्या जागांत पडले. मोडी वाचणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. तिथे शब्द तोडून लिहीतच नसत, आणि कुठे तोडायचे ते भाषा येते म्हणून कळते. वॉयनिचमधली मोकळी जागा शब्द संपल्याचीच खूण आहे, हेही एक गृहीतकच आहे.

चौथी पायरी: तयार लिप्यंतर घ्या आणि त्याचे तुकडे करा

पूर्ण मजकूर हाताने उतरवायची गरज नाही. ताकेशी ताकाहाशी यांचे लिप्यंतर आणि झांडबर्गन-लांदिनी यांचे लिप्यंतर, दोन्ही मोफत मिळतात. मजकूर साधारण 38,000 शब्दांचा आहे. झांडबर्गन-लांदिनी फाइलमध्ये पक्की जागा पूर्णविरामाने आणि संशयित जागा स्वल्पविरामाने दाखवतात, दोन वाचने शक्य असतील तर दोन्ही चौकटी कंसात देतात. स्वल्पविराम सरसकट काढून टाकू नका. एकदा तो जागा धरून आणि एकदा न धरून मोजणी करा. दोन्हीत निष्कर्ष टिकला तरच तो धरा.

मग तुकडे. परिच्छेदांतला मजकूर, चित्रांजवळची एकेका शब्दाची नावे आणि वर्तुळात फिरणारा मजकूर या तीन गोष्टी वेगवेगळ्या फाइलींत ठेवा. त्याहून महत्त्वाची विभागणी प्रेस्कॉट करियर या अमेरिकी नौदलातल्या कूटतज्ज्ञाने 1970 च्या दशकात दाखवली. मजकुराचे दोन प्रकार आहेत, त्यांना तो ‘भाषा ए’ आणि ‘भाषा बी’ म्हणे. ‘बी’मध्ये ‘चेडी’, ‘शेडी’ यांसारखे ‘ईडीवाय’ने संपणारे शब्द पावलोपावली येतात. ‘ए’मध्ये ते जवळपास नाहीत, तिथे ‘चोल’, ‘चोर’ यांची गर्दी. पाण्यातल्या स्त्रिया आणि ताऱ्यांचे परिच्छेद ‘बी’त, बरण्यांचा विभाग ‘ए’त, वनस्पतींत दोन्ही. लिसा फेगिन डेव्हिस या प्राचीन लिपींच्या अभ्यासिकेने 2020 मध्ये अक्षरवळणावरून पाच लेखनिक वेगळे काढले आणि ‘ए’ हा जवळजवळ सगळा एकाच हाताचा आहे.

हे समजल्यावर एक गोष्ट आपोआप उमगते. संपूर्ण हस्तलिखित एकत्र करून काढलेली सरासरी म्हणजे दोन वेगळ्या नद्यांचे पाणी एका भांड्यात ओतून त्याची चव पाहणे. अनेक उत्साही लेखांतले आकडे असेच काढलेले असतात. पाच जणांनी मिळून लिहिलेली चीज ही एका वेड्याची करामत, असे म्हणणेही आता कठीण झाले आहे.

पाचवी पायरी: मोजा

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. या हस्तलिखिताबद्दल आज जे काही पक्के माहीत आहे त्यातला मोठा भाग मोजण्यातून आला आहे.

अक्षराची जागा आधी मोजा. प्रत्येक चिन्हासाठी चार आकडे: शब्दाच्या सुरुवातीला किती वेळा, मध्ये किती, शेवटी किती, सुटे किती. तक्ता भरताच नियम डोळ्यांत भरतात. ‘क्यू’ जवळजवळ नेहमी शब्दाच्या आरंभी आणि त्याच्यानंतर जवळजवळ नेहमी ‘ओ’. ‘एन’ शेवटी, आणि त्याच्याआधी ‘आय’. ‘वाय’ बहुधा शेवटी, क्वचित सुरुवातीला. जॉर्ज स्टॉल्फी यांनी यावरून शब्दांची घडण मांडली: आधी काही ठरावीक चिन्हे, मध्ये गाभा, मग पुन्हा ठरावीक चिन्हे, कांद्याच्या पापुद्र्यांसारखी. मराठी वाचकाला लगेच ‘घरापासूनचा’, ‘घरातल्यांना’ असे प्रत्यय आठवतील. ही तुलना मोहक आहे, पण इथले नियम आपल्या प्रत्ययांपेक्षा कितीतरी कडक आहेत. भाषेत शब्दाच्या मधोमध जो मोकळेपणा असतो तो इथे नाही.

मग ओळ मोजा. करियरने सांगितले होते की इथे ओळ हा स्वतंत्र घटक आहे, आणि ते खरे आहे. एव्हातले ‘एम’ हे चिन्ह प्रामुख्याने ओळीच्या शेवटी येते. ‘पी’ आणि ‘एफ’ बहुतांशी परिच्छेदाच्या पहिल्या ओळीत. साध्या गद्यात ओळ कुठे तुटते हे पानाच्या रुंदीवर ठरते, अर्थावर नाही. मग लिहिणाऱ्याला ओळीची एवढी पर्वा का? कदाचित ‘पी’ हे ‘टी’चे नटवलेले रूप असेल, आपल्या ‘र’च्या रूपांसारखे. मग मोजून पाहा: पहिल्या ओळींत ‘टी’ आणि ‘के’ त्या प्रमाणात कमी होतात का, आणि ‘पी’च्या आजूबाजूची चिन्हे ‘टी’च्या शेजाऱ्यांसारखीच आहेत का? लहान, आखीव, उत्तर देता येईल असा प्रश्न. असे प्रश्न जमवत जा.

शब्दांची गणती सोपी आहे. सर्वांत जास्त येणारा शब्द ‘दाइइन’, सुमारे 860 वेळा. शब्दांची वारंवारता आणि क्रमांक यांचा आलेख नैसर्गिक भाषेसारखाच उतरतो, याला झिफचा नियम म्हणतात. हे पाहून ‘म्हणजे ही भाषाच’ असे म्हणू नका, कारण निरर्थक प्रक्रियेतूनही तो आलेख निघू शकतो. उलट बाजूचे निरीक्षणही नोंदवा: एकच शब्द लागोपाठ दोनदा, कधी तीनदा येतो, एखाद्या चिन्हाच्या फरकाचे शब्द शेजारीशेजारी बसतात, आणि तरीही तीन-चार शब्दांचा एखादा वाक्प्रचार पुन्हा पुन्हा येताना क्वचितच दिसतो. वनस्पतींच्या किंवा औषधांच्या कुठल्याही जुन्या ग्रंथात ‘हे घ्यावे, कुटावे, गाळावे’ यांची ठरलेली आवर्तने असतात. इथे ती सापडत नाहीत, आणि मला हीच गोष्ट सर्वांत जास्त सतावते.

शेवटी एन्ट्रॉपी. नाव अवघड आहे, कल्पना नाही: एक अक्षर कळल्यावर पुढचे कोणते याबद्दल किती अनिश्चितता उरते, याचे माप. स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक अक्षराचे प्रमाण काढा, ते त्याच्या दोनच्या आधाराच्या लॉगने गुणा, सगळ्यांची बेरीज करून चिन्ह उलटा. तेच दोन-दोन अक्षरांच्या जोड्यांसाठी करा. जोड्यांच्या उत्तरातून सुट्या अक्षरांचे उत्तर वजा केले की हवे ते माप मिळते. लॅटिन, इटालियन, जर्मन यांच्यासाठी ते तीन बिटांच्या वर जाते. वॉयनिचसाठी एव्हा पद्धतीत ते दोनच्या आसपास राहते. विल्यम बेनेट यांनी 1976 मध्येच हे दाखवले होते. लिप्यंतराची पद्धत बदलली, समजा ‘आय-आय-एन’ला एकच अक्षर धरले, तर आकडा थोडा हलतो, पण दरी पुरती भरत नाही.

एवढ्या एका आकड्याने दावेदारांची मोठी रांग घरी जाते. एका अक्षराला एक चिन्ह अशी साधी अदलाबदल केली तर हे माप बदलत नाही. म्हणजे मूळ मजकूर नेहमीच्या युरोपीय भाषेत, नेहमीच्या शब्दलेखनात असेल आणि फक्त अक्षरे बदलली असतील, तर वॉयनिचचा आकडा तीनच्या वर यायला हवा होता. तो येत नाही. ‘मला अक्षरमाला सापडली, ही जुनी अमुक भाषा आहे’ अशी बातमी दर दोन-तीन वर्षांनी येते. ती वाचताना पहिला प्रश्न हाच विचारायचा: मग एन्ट्रॉपी एवढी कमी का?

सहावी पायरी: तुलनेसाठी इतर मजकूर घ्या

कुठलाही आकडा एकटा काही बोलत नाही. त्याच लांबीचे किमान पाच मजकूर शेजारी ठेवा: लॅटिन गद्य, लॅटिन पण मध्ययुगीन संक्षेपांसह, दुसऱ्या एखाद्या कुळातली भाषा, तुम्ही स्वतः एखाद्या जुन्या कूटपद्धतीने लपवलेला मजकूर, आणि पूर्ण निरर्थक मजकूर.

निरर्थक मजकूर दोन प्रकारे करा. गॉर्डन रग यांनी 2004 मध्ये सुचवल्याप्रमाणे: शब्दांचे आरंभ, मध्य आणि अंत यांचा तक्ता करून त्यावर भोके पाडलेले पत्र्याचे किंवा पुठ्ठ्याचे जाळे सरकवत शब्द जुळवायचे. किंवा टॉर्स्टेन टिम यांच्या म्हणण्याप्रमाणे: नुकताच लिहिलेला शब्द पाहायचा, त्यात किंचित बदल करून पुढचा लिहायचा. दुसरा प्रकार स्वतः वहीत करून पाहाच, वीस ओळी तरी. हात कसा सरावतो, तेच तेच शब्द कसे परत येतात, ओळ संपत आली की शब्द कसे आखडतात, हे जाणवेल. डॅनियल गॅस्केल आणि क्लेअर बोवर्न यांनी स्वयंसेवकांकडून अशी निरर्थक लेखने करवून घेतली होती, आणि ती काही बाबतींत वॉयनिचच्या बरीच जवळ गेली.

दुसऱ्या बाजूला मार्सेलो मोंतेमुर्रो आणि दामियान झानेत्ते यांनी 2013 मध्ये दाखवले की काही शब्द ठरावीक विभागांतच गोळा होतात, विषयाशी बांधलेल्या शब्दांसारखे. माझा स्वतःचा कल अर्थ असण्याकडे आहे, कारण एवढे कातडे आणि पाच जणांची मेहनत फुकट घालवणे मला पटत नाही. पण तो कल आहे, निष्कर्ष नाही, आणि वहीत मी तो ऐकीव गोष्टींच्या रकान्यातच लिहिला आहे.

सातवी पायरी: तर्क मांडा, आणि त्याला पडायची संधी द्या

वाचण्याचा प्रयत्न करायचाच असेल तर आता करा. आधी सुटलेल्या एका प्रकरणावर हात बसवा. कोपियाले हस्तलिखित, 105 पृष्ठे, सुमारे 75,000 चिन्हे. 2011 मध्ये केविन नाइट, बेआता मेग्येसी आणि क्रिस्तियाने शेफर यांनी ते सोडवले. आत जर्मन मजकूर निघाला, अठराव्या शतकातल्या एका गुप्त मंडळाच्या दीक्षाविधीचा. तिथे सर्वांना ओळखीची वाटणारी रोमन अक्षरे ही फसवणूक होती, त्यांचे काम फक्त मोकळी जागा दाखवण्याचे. खरे अक्षर अनोळखी चिन्हांत होते. उकल खरी असली की कशी दिसते ते यातून कळते: एकदा किल्ली बसली की दार प्रत्येक पृष्ठावर उघडते, आणि चावी घासावी लागत नाही.

वॉयनिचवरचा तर्क मांडताना पृष्ठांचे तीन भाग करा. दोन भागांवर काम करा, तिसरा बंद ठेवा, उघडूनही पाहू नका. नियम पूर्ण लिहून काढल्यावर, तारीख घालून, मगच तिसऱ्या भागावर लावा. त्यानंतर नियमात बदल केला तर परीक्षा रद्द.

मोकळीक किती घेतली ते मोजा. एका चिन्हाचे तीन पर्याय ठेवलेत तर पाच चिन्हांच्या शब्दाची 243 वाचने होतात. वर अक्षरांचा क्रम बदलायची मुभा घेतली तर प्रत्येकाच्या 120 पर्यंत मांडण्या, म्हणजे एकाच शब्दातून 29,160 शक्यता. एवढ्यांत कुठल्याही भाषेतला एखादा शब्द सापडणारच. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले विल्यम न्यूबोल्ड यांचे असेच झाले. 1921 मध्ये त्यांनी जाहीर केले की प्रत्येक अक्षराच्या आत भिंगातून दिसणाऱ्या सूक्ष्म खुणा आहेत, ती ग्रीक लघुलिपी आहे आणि लेखक रॉजर बेकन. 1931 मध्ये जॉन मॅनली यांनी दाखवून दिले की त्या खुणा म्हणजे खरबरीत कातड्यावर सुकून तडकलेली शाई, आणि पुढची पद्धत इतकी सैल की एका मजकुरातून हवे ते काढता येई. न्यूबोल्ड विद्वान होते, प्रामाणिक होते. म्हणूनच हे उदाहरण मनात जपून ठेवण्यासारखे आहे.

चित्रांवरून निघालात तर दुप्पट जपा. 1944 मध्ये ह्यू ओ’नील या वनस्पतिशास्त्रज्ञाने पान 93 वरचे फूल सूर्यफूल आहे असे सांगितले. सूर्यफूल अमेरिकेतले, म्हणजे हस्तलिखित 1492 नंतरचे ठरायला हवे. कातड्याच्या तारखेने तो आधार पार खिळखिळा केला. या वनस्पतींची मुळे एकीची, पाने दुसरीची, फुले तिसरीची अशी जोडलेली भासतात. एका चित्रावरून नाव, नावावरून उच्चार, उच्चारावरून भाषा ही साखळी पहिल्याच कडीला तुटते.

एक परीक्षा मी सर्वांना सुचवतो. सहाव्या पायरीत केलेला निरर्थक मजकूर तुमच्याच पद्धतीने ‘वाचा’. त्यातून अर्थ निघाला तर पद्धत अर्थ शोधत नाही, ती अर्थ तयार करते. मग एखाद्या मित्राला फक्त लेखी नियम आणि एक नवे पृष्ठ द्या, तोंडी एक शब्दही सांगू नका. दोघांचे भाषांतर जुळले पाहिजे. ही चाळणी पार केलेला एकही दावा अजून माझ्या पाहण्यात नाही.

आठवी पायरी: लहान काम निवडा

विल्यम फ्रीडमन, जपानी सांकेतिक यंत्रणा फोडणाऱ्या गटाचे प्रमुख, त्यांनी 1944 मध्ये यासाठी अभ्यासगट जमवला आणि अनेक वर्षांनंतरही त्यांच्या हाती वाचन आले नाही. पण मधल्या काळात भर घातली ती मर्यादित प्रश्न हाती घेणाऱ्यांनी. 2014 मध्ये दहा पृष्ठांची विविध तरंगलांबींत छायाचित्रे घेतली गेली आणि ती 2024 मध्ये खुली झाली. पहिल्या पृष्ठाच्या समासात अक्षरांचे पुसट रकाने दिसले, कुणीतरी शतकांपूर्वी वॉयनिचची चिन्हे आणि रोमन अक्षरे समोरासमोर मांडून उकल करायला बसलेला. तोही याच पायरीवर अडकला होता.

सुरुवात करणाऱ्यासाठी काही कामे. राशिचक्रातल्या स्त्रियांजवळची नावे घ्या, प्रत्येक राशीला साधारण तीस आहेत, आणि त्यांतली किती परिच्छेदांत पुन्हा येतात ते पाहा. बरण्यांच्या विभागातले मुळांचे तुकडे मोठ्या वनस्पतींच्या पृष्ठांशी जुळवा, आणि जिथे चित्र जुळते तिथे शब्दही जुळतो का ते तपासा. एका लेखनिकाच्या मोकळ्या जागा मिलिमीटरमध्ये मोजून पक्क्या आणि संशयित जागांत खरेच दोन गट पडतात का ते बघा. उत्तर ‘नाही’ आले तरी ते आकड्यांसकट, वापरलेल्या फाइलीच्या आवृत्तीसकट लिहून ठेवा आणि इतरांना द्या.

मी सध्या शेवटचे काम करतो आहे, पान 103 पासून पुढे, ताऱ्यांच्या परिच्छेदांत. चार पाने झाली आहेत. 109 आणि 110 नाहीत, तेव्हा 108 संपले की थेट 111.